दादाचं मिरची-कांडप

माझा थोरला भाऊ प्रामाणिक होता, आणि त्या प्रामाणिकपणाची त्याला भारी घमेंड होती. तिनंच त्याचा धंदा खाल्ला. कोणाला राग येवो, मी हे आता बोलणारच.

नव्वदच्या दशकात सिंदीच्या कापसाच्या जिनिंगमधली मुनीमकी सोडून त्यानं केळझरच्या रस्त्यावर मिरची कांडायची मशीन टाकली. घरात तो, वहिनी आणि मी. मशीन चालली नाही तर परतायला नोकरी नव्हती.

आमच्याकडं बाई मिरची देऊन घरी जात नाही. देठं खुडून, वाळवून आणलेली वर्षाची मिरची असते. शिंकत, डोळे पुसत ती मशीनजवळ बसते, आपलं तिखट आपल्या डब्यात पडेपर्यंत हलत नाही. दादाला वाटे, या मला चोर समजतात. दुसऱ्या हंगामात त्यानं दार लावून घेतलं. "डबा ठेवा अन् संध्याकाळी या. माह्यावर भरोसा नाई का?"

एक म्हातारी म्हणाली, "भरोशाचं नाई बापू, मी आपली बसतो माह्या मिरचीजवळ." त्यानं तिचा डबा उचलून रस्त्यावर ठेवला.

अरे बापा! त्या दिवशी नळावर दुसरा विषय नव्हता. "आत काय करून राह्यला हा?" ज्यानं कोणाचं चिमूटभर तिखट घेतलं नाही, त्यानं चोरीचा संशय आपल्या हातानं ओढवून घेतला. डबे सिंदीच्या मशीनवर जाऊ लागले. मी बादली घेऊन तिथंच उभी, सगळं ऐकत होते. घरी येऊन मात्र तोंडात मिठाची गुळणी. त्याची मला आजही लाज वाटते.

चौथ्या हंगामाआधी मशीन विकली. नव्या मालकानं दार सताड उघडं ठेवलं, बायकांना बसायला सतरंजी टाकली. रांगा लागल्या. दादा त्याच मशीनवर रोजीनं राबू लागला.

एकदा जेवताना त्यानं विचारलं, "बायका काऊन तुटल्या होत्या माह्यापासून? तुले मालूम होतं का?"

"होतं."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"तुहा भेव वाटे, दादा."

त्याचा घास हातातच राहिला. "मी कधी हात उचलला का तुह्यावर?"

"नाई."

वहिनी पोळी लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "मलेबी वाटे."