दादाभाऊंच्या भाषणातली आई

दहाव्याला कावळा लवकर शिवावा आणि भाषण दादाभाऊंचं व्हावं, एवढीच आमच्या बेल्ह्याकडच्या लोकांची अपेक्षा असायची. नदीकाठी मांडव पडतो, प्रवचन होतं, मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू होतात. पुढारी तेच ते बोलतात आणि लोक चुळबुळतात. दादाभाऊ उभे राहिले की मात्र बाया आधीच पदर डोळ्यांशी नेऊन तयार. माणूस पिठाची गिरणी चालवणारा, पण लोकांना रडवावं तर त्यानंच.

ही विद्या त्यांनी कुठून उचलली, ते आम्हा मित्रांना पक्कं ठाऊक होतं. ओतूरच्या यात्रेतला सिनेमाचा तंबू, पुढं व्हिडिओ, आणि सगळे हिंदी सिनेमे. स्वतः उपाशी राहून लेकराला वाढणारी आई, मरताना भावांचे हात एकमेकांच्या हातात देणारा बाप, हे सगळं दादाभाऊ मराठीत आणायचे आणि गेलेल्या माणसाच्या नावावर खपवायचे. मग गावात केबल आली. तेच सिनेमे घरोघरी दिसायला लागले. आता यांचं पितळ उघडं पडणार, असं मला वाटलं. कसलं काय! प्रसंग ओळखीचा निघाला की लोक उलट लवकर रडायला लागायचे.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात त्यांची आई, भिमाबाई, गेली. घरच्या दहाव्याला कर्त्यानं बोलायची आमच्याकडे रीत नाही. पण लोक ऐकेनात. मुंडण केलेल्या डोक्यावर टॉवेल टाकून दादाभाऊ माइकसमोर उभे राहिले. आज खरंच आईचं काहीतरी सांगायचं होतं, असं ते नंतर मला म्हणाले. पण सांगायला गाठीशी काही नव्हतं. भिमाबाई आणि त्यांचे मालक मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने रानोमाळ. पोराला शाळेसाठी बेल्ह्यात मावशीकडे, लंकाबाईंकडे ठेवलेलं. आई त्यांना भेटली ती पाहुणीसारखीच.

मांडव वाट पाहत होता. मग त्यांच्या तोंडून सिनेमातली आई बाहेर पडली. कंदिलाच्या उजेडात शिलाई मशीन चालवणारी, बोटात सुई गेली तरी न थांबणारी, लेकाच्या पुस्तकांसाठी मंगळसूत्र मोडणारी. अख्खा मांडव हुंदके देत होता.

लोक पांगल्यावर लंकाबाई दादाभाऊंजवळ आल्या. मी तिथंच सतरंजी गुंडाळत होतो.

“दादा, आपल्यात शिलाई मशीन कवा व्हतं रं?”

दादाभाऊंनी डोक्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला.

“तू पयलीत व्हता. माझी बहीण दिसभर चालून तुला बघाय आली. तू दारातनं मला हाक मारली, मावशे, कोन बाई आलीया बघ. ती हसली. तुला काय बोलली न्हाई. वेशीपतूर घालवाय गेले, तवा रडली. सांगायचं ते हे व्हतं.”

“मला म्हाईतच न्हवतं, मावशे.”

“इचारलं कवा तू?” लंकाबाई म्हणाल्या. “अन मी तरी काय केलं? बहीण गेल्याचं कळलं तवा एवढी रडले न्हाई. आज तिच्या दहाव्याला बसून त्या मशीनवालीसाठी रडले. लाज वाटती मला.”

दादाभाऊ टॉवेलाचं टोक चाळवत राहिले. मी सतरंजी घेऊन तिथून सटकायला बघत होतो, कारण माझेही डोळे अजून सुकले नव्हते.

तेवढ्यात ओतूरकडचे धर्माजी नावाचे एक गृहस्थ हात जोडत आले.

“भाऊ, गुरवारी आमच्या सासूबाईंचा दहावा हाय. तुमी यायचं. अन ते मशीनचं सांगायचं.”

“राव, ते खरं न्हवतं,” दादाभाऊ हळूच म्हणाले. “आमच्याकडं कंदी मशीन न्हवतंच.”

“आमच्या सासूबाईंकडं तरी कुठं व्हतं?” धर्माजी म्हणाले. “पन तेच सांगा. ऐकलं की लई बरं वाटतं.”

दादाभाऊंनी लंकाबाईंकडे पाहिलं. त्या अजून तिथंच उभ्या होत्या. मग मान खाली घालून ते म्हणाले, “येतो.”