पाटाचा इलाज

मेच्या पहिल्या आठवड्यात, पवनीत, आमच्या शेजारच्या काकूंना फ्रिज उघडताना विजेचा झटका बसला. दुपारी मिस्त्री आला. गल्लीतले बहुतेक फ्रिज तोच दुरुस्त करतो, आणि कोणाच्याही स्वयंपाकघरात रबरी चपला घालूनच शिरतो. त्याने दाराला उलटा हात लावला, झटकन मागे घेतला आणि समाधानाने मान डोलावली. घराला अर्थिंग नव्हतं. ते करायचं तर अंगणात खड्डा खणावा लागला असता.

"थोडाबहुत करंट तं येतेच, काकू. लाकडाच्या पाटावर उभ्या राहत जा."

"अन् पाहुणे आले तं त्यायलेही पाटावर चढवू काय?"

"त्यायले पानी तुम्हीच काढून देत जा."

हा सल्ला तो सगळ्यांना देतो, तोही डॉक्टरच्या गांभीर्याने. गल्लीत आणखी तीन घरांत फ्रिजसमोर पाट आहेत.

आठवड्याने काकूंना ओल्या पाटावर पुन्हा झटका बसला. या वेळी त्या पडल्या आणि मनगट मोडलं. मिस्त्रीला बोलवायला मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या फ्रिजच्या बोर्डातून निघालेली हिरवी वायर अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात गेली होती. हे कधी केलं, म्हणून मी विचारलं.

"फ्रिज आनला तेव्हाच," तो म्हणाला. "घरी लहान लेकरं आहेत ना, भाऊ."