आईचं रिव्हॉल्व्हर आणि माझी हरकत

या गुरुवारी हाफ डे टाकून इथे कुवेतमध्येच मिरकाबला गेले होते. कागदपत्रं अटेस्ट करून देणारं एक सेंटर आहे तिथे. काम छोटंसं होतं... एका कागदावर त्यांच्यासमोर सही करायची आणि शिक्का घेऊन यायचं.

मी इथे फारसं लिहीत नाही. अप्पा गेल्याचंही टाकलं नव्हतं, ज्यांना कळायचं त्यांना कळलं. पण हे सांगावंसं वाटलं.

अप्पांचा फलटणजवळ पेट्रोल पंप होता. कॅश घेऊन बँकेत जावं लागायचं, म्हणून फार पूर्वी त्यांनी रिव्हॉल्व्हरचं लायसन्स काढलं. ते कधी झाडायची वेळ आली नाही. अप्पा गेल्यावर नियमाप्रमाणे आईने ते पोलीस स्टेशनला जमा केलं.

मला वाटलं, संपलं. आता घर बंद करायचं आणि आईला आमच्याकडे सालमियाला आणायचं, असं मी मनात पक्कं करून टाकलं होतं. तर आई फोनवर शांतपणे म्हणाली, "लायसन्स मी माझ्या नावावर करून घेतेय. वारसाला करता येतं. तू एकुलती एक, तुझं ना हरकत लागेल."

माझी आई अडुसष्ट वर्षांची आहे. लिफ्टमध्ये शिरताना अजूनही ती माझा दंड धरते.

पण ती कामाला लागली. डॉक्टरचा दाखला, पोलीस चौकशी, कपाटाला नीट कुलूप लागतं का याची पाहणी... चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "जिवाला धोका कोणाकडून?" आई म्हणाली, "मुलीकडून. कुवेतला नेते म्हणते." साहेबांनी 'एकट्या राहतात' एवढंच लिहून घेतलं म्हणे.

तर मी सेंटरला पोचले. काउंटरवर एक वयस्कर भाई होते, चष्मा कपाळावर. माझा नंबर आला.

"मॅडम, किस बारे में है?"

"रिव्हॉल्व्हर." मी तशी हळूच बोलते, पण नेमकी तेव्हा तिथे शांतता होती. रांगेतल्या तीन-चार माना वळल्या.

"कुवेत में?"

"नहीं नहीं, महाराष्ट्र में. पापा का था. वो अब नहीं रहे."

भाईंनी चष्मा खाली घेतला. "रिव्हॉल्व्हर से?"

"हार्ट अटॅक से."

"अच्छा... मतलब, सॉरी. तो अब किसको चाहिए?"

"मम्मी को."

 तेवढ्यात आईचाच व्हिडिओ कॉल आला. शिक्का मिळाला का हे बघायला. मी कट करणार होते, पण भाई म्हणाले, उठाइए, उठाइए.

आईचं हिंदी हा स्वतंत्र विषय आहे. "नमस्ते भैया. जल्दी शिक्का मार दो. मेरेको उधर नहीं आनेका."

"मम्मीजी, चलाना आता है?"

"ट्रेनिंग किया ना. पाच गोली मारी. एक भी लगी नहीं."

"फिर भी पास?"

"सर्टिफिकेट हाताळने का है, नेम का नहीं."

रांगेतलं कोणीतरी खुदकन हसलं. आईला माणसं मिळाली की ती थांबत नाही. तिने कॅमेऱ्यासमोर एक फुलाफुलांची पिशवी धरली, नाडीवाली. बाहेर नेताना हत्यार कोणाला दिसता कामा नये, पूर्ण झाकलेलं पाहिजे, असा नियम आहे. आमच्या घरात मिक्सरला कव्हर आहे, टीव्हीला आहे, फोनच्या चार्जरलाही आहे. त्यामुळे संपूर्ण कायद्यात हा एक नियम आईला मनापासून पटलेला. रिव्हॉल्व्हर अजून पोलिसांकडे, म्हणून मापासाठी तिने आत टीव्हीचा रिमोट घातला होता.

"साडीत कंबरेला बांधलं तर कळणारसुद्धा नाही," ती मला मराठीत म्हणाली.

मी म्हटलं, "आई, कशाला हे सगळं? तू एकटी तिकडे... मला रात्री झोप लागत नाही."

"मलाही लागत नाही," ती म्हणाली. "पण इथे जाग आली की कुठलं दार वाजतंय ते मला कळतं. तुझ्याकडे महिनाभर होते तेव्हा लिफ्ट वाजली की मी दार उघडायला उठायचे."



भाईंनी तोवर आईच्या वकिलांनी पाठवलेला मराठी मजकूर वाचायला घेतला होता. अक्षरं तीच, त्यामुळे त्यांना वाटलं आपल्याला समजतंय. "ना हरकत... मतलब मम्मीजी कोई हरकत नहीं करेगी? ये आप लिखके दे रहे हो?"

मी म्हटलं, अशी गॅरंटी कोणीच देऊ शकणार नाही. हिंदीत हरकत म्हणजे उचापती, पण मराठीत हरकत म्हणजे एतराज़. मुझे कोई एतराज़ नहीं, असं लिहिलंय.

"अच्छा, एतराज़," ते म्हणाले आणि पेन माझ्याकडे सरकवताना सहज विचारलं, "है क्या?"

मी पेन घेतलं. 

"थोडा है," मी म्हणाले.

"असू दे की," आई फोनमधून म्हणाली. "असली तरी सही कर."

मी सही केली. भाईंनी शिक्का मारला, शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली आणि मला म्हणाले, "छुट्टी लेके मिल आइए."

डिसेंबरचं तिकीट काढलंय.

त्या भाईंचं नाव विचारायचं राहून गेलं. अप्पा गेल्यापासून सगळे मला आई कशी आहे ते विचारतात, आणि मी ठीक आहे म्हणून सांगते. मला काय वाटतं, हे विचारणारे ते पहिलेच... तेही भाषेच्या घोटाळ्यामुळे. त्यांचे आभार.