हनुवटीचं माप

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तर नाहीच. आबा पडले तेव्हा त्यांचा पाय घसरला नव्हता.

सुरुवात शाळेच्या पटांगणात झाली. गावच्या सोसायटीच्या चेअरमनचा वाढदिवस. स्टेज, फ्लेक्स, आणि ज्येष्ठांना साहित्य वाटप. वॉकर, कुबड्या, कमोडच्या खुर्च्या, सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळून मांडलेलं. लकवा येऊन गेल्यापासून आबांचा डावा पाय ओढत होता. नाव पुकारलं तसं मी त्यांना धरून वर नेलं. आबांच्या हातात त्यांची काठी. उभी हयात त्या काठीनं मेंढरांमागं काढली.

चेअरमनचा एक माणूस पुढं आला.

"आबा, ती काठी ठेव खाली. फोटोत घाण दिसती. हितं काय मेंढरं वळायचीत व्हय?"

लोक हसले. आबा काठी ठेवायला वाकले, तोल गेला, मी धरलं. तेवढ्यात फोटो निघाला.

वॉकर हातात आला. त्याच्या चारी पायांना भोकं होती, बटणं होती. खालीवर करायची सोय. उंची किती ठेवायची, एवढंच मला विचारायचं होतं. चेअरमनकडं वळून म्हणालो, "साहेब, ह्याचं माप..."

त्यांच्या हातात माईक तसाच होता. "अरे, धरायचं आन् चालायचं. त्यात कसलं माप? मेंढरामागं चालाय तुमाला कुणी शिकवलं व्हतं का?"

पटांगण हसलं. मीही हसलो.

आबा माझ्याकडं बघत होते, आणि मी दात काढत होतो. कुरकुंभच्या कंपनीतलं माझं काम कंत्राटी. ते चेअरमनच्या शब्दावर लागलेलं. त्यांचा एक फोन गेला असता तर दुसऱ्या दिवशी गेटवर माझा पास चालला नसता. म्हणून हसलो. प्रश्न गिळला आणि खाली उतरलो.

घरी आल्यावर माप मीच घेतलं. आम्हा मेंढपाळांत काठी हनुवटीला लागते. माळावर दोन्ही हात काठीवर, हातांवर हनुवटी, एक पाय दुमडून माणूस तासन्‌तास उभा राहतो. आखूड काठी म्हंजी पोरासोराची काठी. मला तेवढंच माप ठाऊक. बटणं दाबली आणि चारी पाय शेवटच्या भोकापर्यंत ओढले. वॉकर आबांच्या छातीला लागला. मला वाटलं, उंच हाय ते बरंच हाय.

आबा म्हणाले, "लई वर वाटतंय रं."

"सवय होईल, आबा."

आठवडाही गेला नसेल. सकाळी आबा अंगणात यायला निघाले. वॉकर उचलून उंबऱ्यापलीकडं टाकला. हात पार खांद्याला गेले, अंगाचा भार हातांवर आलाच नाही. वॉकर कलंडला, आबा कुशीवर आदळले. वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. खुबा मोडला होता.

दौंडच्या दवाखान्यात व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी वॉकर बघितला. "मूठ मनगटाला यायला पाहिजे. एवढा उंच कुणी लावला?"

मी वॉकर भिंतीकडं सरकवला. मांडवगणची माझी बहीण शेजारीच उभी होती. आबा खाटेवरून म्हणाले, "वॉकरचं काय न्हाई, बाई. माझाच पाय घसारला."

आबांना ठाऊक होतं का? मी विचारलेलं नाही. घरीदारी सगळ्यांना मीही तेच सांगितलं. पाय घसरला.

त्यानंतर घरात आणायच्या प्रत्येक वस्तूची मला भीती वाटायला लागली. कमोडची खुर्ची कलंडली तर? ओल्या फरशीवर तिचे रबर सरकले तर? व्हीलचेअर घ्यायला गेलो तेव्हा सुतळी घेऊन गेलो. एक गाठ दाराच्या रुंदीची, एक आबांच्या बैठकीची, एक गुडघ्याखालच्या पायाची. दुकानदार हसला.

"काका, म्हशीचं दावं आणलं का काय?"

पण या खेपेला मी हसलो नाही. सुतळी लावून बघितली. दुकानातली सगळ्यात चकचकीत खुर्ची आमच्या दारात अडकली असती. दुसरीत स्वतः बसलो, ब्रेक लावला आणि दुकानदाराला म्हणालो, "आता ढकला." बाहेर गाडीत बसलेल्या आबांनी हाक दिली, "नीट बघ रं. मेंढरू घेताना दात बघतो आपण. ह्यात तर मला बसायचंय."

यंदा वाढदिवसाच्या आधी चेअरमनचा तोच माणूस घरी आला. "आबाला स्टेजवर आणा. ह्याच खुर्चीत बसवून आणा. चेअरमनच्या हस्ते दिल्यागत फोटो काढू."

आबा भिंतीकडं तोंड करून बसले. मी दाराची चौकट धरली.

"आबा येणार न्हाईत."

"चेअरमनला काय सांगू?"

"वाटायच्या आधी एकेकाचं माप घ्या म्हणावं. आन् मी म्हणालो असं सांगा."

"कामाला जायचं न्हाई वाटतं तुला?"

"जायचंय. तरीबी सांगा."

तो गेला. बायको आतून म्हणाली, "आता कसं वो?" मी दार लावून घेतलं.

वाटपाच्या दिवशी मी एकटा पटांगणात गेलो. स्टेजच्या पायऱ्यांपाशी खाली बसलो. पहिली म्हातारी वॉकर घेऊन उतरली. "आजी, सरळ उभ्या ऱ्हावा. हात सोडा खाली." मनगट बघितलं, बटणं दाबली, पाय आत घेतले. माईकवरून माझ्या जातीवरून काहीतरी बोललं गेलं. लोक हसले. मी पुढच्या म्हाताऱ्याला म्हणालो, "मामा, या."

पास अजून चालतो. रोज गेटवर कार्ड लावलं की दिवा हिरवा होईपर्यंत मी त्याच्याकडं बघत राहतो. उद्या बंद झाला तरी पुढच्या वाटपाला मी त्याच पायऱ्यांपाशी बसणार आहे.

आबांची काठी कोपऱ्यात उभी आहे. तिच्याकडं बघितलं की बोलायचं राहून जातं. आबा, तुमचा पाय घसरला नव्हता. वॉकर मीच उंच चढवला होता, आणि त्या दिवशी सगळ्यांबरोबर मीही हसलो होतो. हे मी आबांना अजून सांगितलेलं नाही. ते माझ्यावर देणं आहे.