चार चपात्या खाऊनही उतरणारं वजन

सारिकाला मी वजनकाट्यावरून तिसऱ्यांदा खाली उतरवलं. काट्याचा सेल बदलला. पुन्हा वर उभं केलं. आकडा तोच, एक्केचाळीस किलो. ॲडमिशनच्या वेळी तिचं वजन सेहेचाळीस होतं.

"सारिका, खरं सांग. मेसमध्ये जेवतेस ना?"

"जेवती की मॅडम. तुमी लिवून दिल्यालं समदं खाती."

मी सांगलीजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या कॅम्पसवर डाएटिशियन आहे. घर सोडून पहिल्यांदाच हॉस्टेलला आलेल्या मुलामुलींना काय खायचं ते सांगणं आणि मेसचा मेनू तपासणं हे माझं काम. बहुतेक केसेस सोप्या असतात. कुणी नाश्ता बुडवतं, कुणी वडापाववर जगतं, कुणी बारीक व्हायचं म्हणून भाताला शिवत नाही. सारिका यातल्या कशातच बसत नव्हती.

ती माण तालुक्यातली, म्हसवडच्या पुढच्या एका वाडीवरची. घरची मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन. त्या वाडीतून इंजिनिअरिंगला आलेली ती पहिलीच मुलगी. पहिल्या महिन्यात तीन किलो वजन उतरलं, तेव्हा मी फार मनावर घेतलं नाही. नव्या जागी होतं असं. मी तिला तक्ता लिहून दिला. सकाळी दलिया, दोन्ही वेळा चार-चार चपात्या, मध्ये कणकेचा लाडू. तक्ता चांगला होता. निदान मला तसं वाटत होतं.

वजन आणखी उतरलं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठ. लोहाच्या गोळ्या दिल्या. महिनाभर तिने त्या नियमाने घेतल्या आणि हिमोग्लोबिन आठच राहिलं. हे काही मला कळेना. थायरॉइडची तपासणी केली, नॉर्मल. जंताचं औषध दिलं, फरक नाही.

रेक्टर मॅडमना वेगळीच शंका होती. "अहो, टाकून देत असेल. नाहीतर खाऊन उलटी करत असेल. आजकालच्या मुली!"

मग मी आठवडाभर दुपारी तिच्यासमोर बसून जेवले. तिने चार चपात्या मोडल्या, आमटी ओरपली, ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं. जेवणानंतर तासभर तिला माझ्याच खोलीत बसवून ठेवलं. उलटी नाही, काही नाही.

दिवाळीला ती तीन आठवडे घरी गेली आणि आली ती दोन किलो भरून. गालावर लाली.

"बघा, मी म्हणत नव्हते? घरची आठवण," रेक्टर मॅडम म्हणाल्या.

मलाही ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. पण महिन्यातच ते दोन किलो गेले, वर आणखी गेले आणि काटा एक्केचाळीसवर आला. त्याच आठवड्यात ती वर्कशॉपमध्ये चालू मशीनशेजारी चक्कर येऊन पडली. नशीब, मागच्या बाजूला पडली.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. मी तिला खुर्ची दिली. ती टेकल्यासारखी बसली आणि सरळ मुद्द्यावर आली.

"मॅडम, तिचे वडील म्हणत्यात, शिकणं ऱ्हाऊ द्या, पोरगी जगली पायजे. मी तिला न्यायला आली हाय."

सारिका खाली मान घालून उभी होती. "आये, मला न्हाई यायचं," एवढंच म्हणाली.

आजार काय आहे तेच माहीत नसताना कशाच्या जोरावर थांबवणार? आम्ही काळजी घेतोय हे दाखवायला म्हणून मी तक्ता पुढे केला. बाई सातवी शिकलेल्या. त्यांनी बोट लावून एकेक ओळ वाचली. मग मान वर केली.

"ह्यात भाकरी कुठं हाय? समदं गव्हाचंच हाय की."

"मेसमध्ये चपातीच असते. का?"

"आवं, हिला गहू सोसत न्हाई. बारकी असल्यापासनं. सणाला पुरणपोळी खाल्ली की दोन दिस पोट धरून बसती. आमच्यात चपाती सणासुदीलाच. एरवी बाजरीची भाकरी आन् हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं."

मी सारिकाकडे वळले. "पोट बिघडतं तुझं?"

तिने आधी दाराकडे पाहिलं. "दिसातनं चार-पाच बारी जावं लागतं. पोरी हसत्यात, म्हणून सांगितलं न्हाई."

मी तिला एकदाच विचारलं होतं. तेही दार उघडं असताना, बाहेर चार मुली उभ्या असताना.

आता सांगते, काय होत होतं. कणीक मळली की तिला चिवटपणा येतो. तो ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे. काही थोड्या लोकांचं शरीर या ग्लुटेनवर चिडतं आणि त्या रागात स्वतःच्याच आतड्याचं अस्तर झिजवतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही, लोहाची गोळीही नाही. या आजाराला सिलिॲक म्हणतात. बाजरी, ज्वारी आणि तांदळात ग्लुटेन नसतं. म्हणून वाडीवर तो आजार झाकला गेला आणि कॅम्पसवर मी तो दलिया, चपाती आणि लाडवाने पोसला.

पण ही तेव्हा शंकाच होती. मिरजेच्या पोटाच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "रक्त तपासू, मग एंडोस्कोपी. तोवर गहू बंद करू नका. बंद केला तर आतडं सुधारायला लागेल आणि तपासणीत काही सापडणार नाही."

हे त्या माउलीला समजावताना माझाच गोंधळ उडाला.

"म्हंजी कळलं तरी इख खायाचं?"

"आठ दिवस फक्त."

"खाती मी," सारिका म्हणाली. "पर घरी न्हाई जायची."

आई तेवढे दिवस थांबायला कबूल झाली. सारिकाने आठ दिवस चपाती खाल्ली. एंडोस्कोपीत, म्हणजे तोंडावाटे कॅमेऱ्याची नळी घालून, आतड्याचा कणभर तुकडा काढला. रिपोर्ट आला. सिलिॲकच.

मेसच्या शालनमावशी तिच्यासाठी रोज भाकरी थापायला लागल्या. दीड महिन्यात चार किलो वजन वाढलं. मी रेक्टर मॅडमना रिपोर्ट दाखवून आले. आणि पुढच्याच आठवड्यात सारिका पोट धरून दारात उभी.

"बाहेर काही खाल्लंस?"

"न्हाई मॅडम. आईची शपथ."

मी पुन्हा पहिल्यासारखी चक्रावले. शेवटी सकाळी मेसच्या किचनमध्ये जाऊन उभी राहिले. मावशींनी बाजरीचं पीठ परातीत घेतलं, मग शेजारच्या डब्यातून मूठभर कणीक घेऊन त्यात टाकली.

"मावशी, हे काय?"

"नवं पीठ जुनं निघालं, भाकरी मोडायली. पोरीला तुकडं कसं वाढू? म्हणून उलीशी कणीक घालती आठ दिवसांपासनं."

त्यांचं काय चुकलं? "गहू द्यायचा नाही" एवढंच मी सांगितलं होतं. चपाती त्या देत नव्हत्याच. मूठभरही चालत नाही, हे मी सांगितलं नव्हतं. समजल्यावर त्या पदराने डोळे पुसायला लागल्या. त्या दिवसापासून परात, तवा, पिठाचा डबा, सगळं वेगळं. पीठ ताजं दळून आणायचं आणि उकळत्या पाण्यात मळायचं. भाकरी मोडायची थांबली.

सारिका आता तिसऱ्या वर्षाला आहे. वजन एक्कावन्न. मेसमध्ये आठवड्यातून तीन दिवस सगळ्यांनाच भाकरी असते, कारण तिच्या ताटात बघून बाकीच्या मुलींनीही मागितली. शालनमावशी माझ्यावर त्यामुळे थोड्या नाराज आहेत.

मी एकच बदल केला. नवी मुलगी आली की आधी दार लावते, मग घरी रोज काय खात होतीस ते विचारते. तक्ता त्यानंतर. पंधरा वर्षं हे काम करून एवढं उमगायला मला सातवी शिकलेली एक बाई लागली.