सिद्धेशची कटिंग

मुलुंड पूर्वेच्या गव्हाणपाड्यात दशरथ परबांना ओळखतात ते त्यांच्या हातासाठी. कंप्रेसरच्या कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर आळीतला बिघडलेला पंखा, जळलेली मोटर त्यांच्याकडेच येऊ लागली. पण याच हातांनी ते आणखी एक काम वर्षानुवर्षं करत होते, आणि ते बायकोखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. मुलाचे, सिद्धेशचे केस ते तो झोपलेला असताना कापायचे.

सिद्धेश आता पंचविशीचा. त्याला ऑटिझम आहे. बोलणं मोजकं, ताकद मात्र दांडगी. लहानपणी सलूनमध्ये त्याने आकाशपाताळ एक केलं होतं. दशरथांनी त्याची दोन्ही मनगटं आवळून धरलेली, न्हावी घाईघाईने कात्री चालवतोय, आणि बाकावरची गिऱ्हाईकं पेपर खाली ठेवून बघतायत. त्यानंतर सलून बंद. मग रविवारी बायकोने, सुगंधाने, बांगड्याचं तिखलं आणि भात पोटभर वाढायचा, पोरगा घोरायला लागला की दशरथांनी कात्री काढायची. पोरगा एका कुशीवर झोपला की कूस बदलत नसे, म्हणून अर्धं डोकं या रविवारी, अर्धं पुढच्या. मधला आठवडा आळीतल्यांना वाटायचं, हीच आता फॅशन असेल.

यंदा गणपतीनंतर दशरथांचे हात थरथरायला लागले. एका दुपारी कात्रीचं टोक सिद्धेशच्या कानाला लागलं. तो कान धरून मोरीत जाऊन बसला, तो बाहेरच येईना.

"झिलाचो कान कापलात मां!" सुगंधा ओरडली. मग तिने नवऱ्याचे हात पाहिले आणि कात्री उचलून ठेवून दिली.

आता कापणार कोण? डॉक्टर म्हणाले, दवाखान्यात आणा, गुंगीचं इंजेक्शन देऊन करू. नुसत्या केसांसाठी दर वेळी गुंगी द्यायची, हे दोघांच्याही गळी उतरेना.

नाक्याजवळच्या समाजमंदिरात शनिवारी विद्यापीठाच्या विशेष शिक्षण विभागाचं केंद्र चालतं. त्या विभागात शिकणारी पोरं-पोरी सिद्धेशसारख्यांना दुकानात जाणं, रस्ता ओलांडणं शिकवतात. सिद्धेश तिथे जायचाच. त्याला शिकवणाऱ्या दीप्तीला दशरथांनी शेवटी लाजत लाजत सगळं सांगितलं. ती रागावेल असं त्यांना वाटलं होतं. तिने एवढंच विचारलं, "तेव्हा सलूनमध्ये त्याला धरलं कोणी होतं?"

"मीच. दुसऱ्या कोणाला जमणार?"

"मग काका, या वेळी सलूनमध्ये नेऊ तेव्हा तुम्ही आत यायचं नाही."

दशरथ भडकलेच. "अगं, तुझं वजन किती, त्याचं किती! उधळला तर आवरणार कोण?"

"सुटता येत नाही म्हणून उधळतो तो. सुटता येतं, हे आधी कळू दे ना त्याला."

मग तिने सिद्धेशला शिकवलं: 'थांब' म्हणून हात वर करायचा, की समोरचा जागच्या जागी थांबणार. केंद्रात आरशापुढे खुर्ची मांडली. आधी बंद मशीन मानेजवळ, मग चालू. सिद्धेशने 'थांब'चा सपाटाच लावला.

"हा तर साहेब झाला," दशरथ कुरकुरले.

"होऊ दे की. आपलं काय जातं?" दीप्ती म्हणाली.

खरी कटिंग खंडूच्या सलूनमध्ये ठरली, सोमवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी; म्हणजे टीव्ही नाही, गिऱ्हाईक नाही. सुगंधा एरवी सोमवारी घरात नखंही काढू देत नाही. त्या दिवशी म्हणाली, "शंकर समजून घेईल."

दशरथ पायरीखाली उन्हात उभे राहिले. आत मशीन सुरू झालं. आरशात सिद्धेशचे डोळे घट्ट मिटलेले दिसत होते. आणि त्याचा हात झटक्यात वर गेला.

दशरथ पायरी चढलेसुद्धा. दीप्तीने दारात हात आडवा धरला.

"काका! पळत नाहीये तो. थांबवतोय."

खंडू मशीन बंद करून दोन्ही हात वर करून उभा होता, पोलिसांनी पकडल्यासारखा. सिद्धेशने डोळे उघडून आरशात त्याच्याकडे पाहिलं. मानेवरचे केस झटकले. खुर्चीत नीट सरकून बसला.

"चालू," तो म्हणाला.

पुढे अधूनमधून हात वर जात राहिला, खंडू थांबत राहिला, आणि केस कापले जात राहिले.  दशरथ खाली पायरीवर बसले. 

सिद्धेश मोकळ्या मानेवरून हात फिरवत बाहेर आला आणि शेजारच्या दुकानाच्या काचेत स्वतःला निरखू लागला. खंडू फणी पुसत दारात आला.

"काका, पुढच्या वेळी नुसता फोन टाका. येईल तो या ताईबरोबर. तुम्ही कशाला उन्हात?"

"मग मी काय करू?"

"तुम्ही? काय नाय. आराम करा."

 दशरथांना हसू आलं. लेकाचं काचेत बघणं संपेपर्यंत ते तिथेच, पाय पसरून, बसून राहिले.