मळई कोरडी राहिली

नदीला जागा द्या, असं सांगत मी गावोगाव फिरते. हेच माझं काम. निसर्गासाठी काम करणाऱ्या एका संस्थेत पुराचं सगळं खातं माझ्याकडं आहे, म्हणजे शिव्या खायचं खातं माझ्याकडं आहे. जालन्यात घरी पाहुणे विचारतात, "नेमकं करतीस तरी काय गं तू?" मी सांगते, "लोकांच्या शेतात पाणी सोडते." मंग पुढं कोणी विचारत न्हाई.

घनसावंगीच्या पुढं, गोदावरीच्या काठाला एक गाव आहे. तिथल्या लोकांनी फार पूर्वी नदीकडेनं मातीचा उंच बांध घातला. बांधाच्या आत मळई, म्हणजे पुराच्या गाळाची काळीभोर सपाट जमीन. तिथं ऊस उभा राहिला आणि नदीची पसरायची जागाच बंद झाली. पूर आला की पाणी ओढ्यातून उलटं फिरायचं आणि थेट खालच्या वस्तीत शिरायचं. उपाय सरळ होता. बांध एका ठिकाणी फोडायचा, पुराला मळईत जाऊ द्यायचं, घरं वाचवायची. पण आपली मळई देणार कोण? बैठका घेऊन घेऊन माझा घसा बसला. "ताई, तुमच्याच अंगणात सोडा की नदी," असं एकजण म्हणाला आणि सगळी बैठक खो खो हसली. मीही हसले, पण मनातल्या मनात त्याला असा झापला की बस्स.

मळई दिली ती एका काकूंनी. नवरा वारलेला, मुलगा पुण्याला कंपनीत, घरात त्या आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. त्यांचं मातीचं घर वस्तीत सगळ्यात खाली. आधीच्या पुरात सासूबाईंना दाराच्या फळीवर घालून बाहेर काढावं लागलं होतं. काकू बैठकीत उभ्या राहिल्या. "ऊस गेला तर जाऊ द्या. म्हातारीला पुन्हा फळीवर न्हाई घालायचं मला. फोडा बांध!" मी सगळ्यांसमोर त्यांच्या गळ्यात पडले. इतकी वर्षं हे काम करते, पण कोणी आपणहून असं बोललेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

बांध फोडला. स्मशानाची वाट त्या बांधावरूनच जायची, त्यामुळं खिंडारावर छोटा पूल करायचं ठरलं होतं, पण तो पावसाळ्यानंतर. तोवर लोक खिंडारात उतरायचे, चिखल तुडवत पलीकडं चढायचे आणि माझा उद्धार करायचे.

भाद्रपदात सासूबाई गेल्या. झोपेतच. आमच्याकडं तिरडी वाटेत विसाव्याच्या दगडापाशी एकदा टेकवतात, खांदेकरी बदलतात आणि तिथून पुढं सरणापर्यंत ती खाली ठेवायची नसते. विसावा खिंडाराच्या अलीकडं, स्मशान पलीकडं, मधे गुडघाभर चिखल. त्यात खांदेकऱ्याचा पाय घसरला तर? गावानं जेसीबी बोलावला आणि म्हातारी घरातून निघायच्या आत खिंडार बुजवून टाकलं. नुसतं बुजवलं न्हाई, दाबून, ठोकून बराबर केलं.

दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेले आणि बांधाकडं बघते तर काय, खिंडार गायब! तळपायाची आग मस्तकात गेली. पण दुखवट्याच्या घरात आवाज कसा चढवणार? काकूंजवळ टेकले. थोडा वेळ गेल्यावर हळूच म्हणाले, "काकू, वर पाऊस लागून राह्यलाय. ते उकरावं लागंल. जल्दी."

"तेरावं होऊ द्या ताई. म्हातारी त्या वाटंनं गेलीय. तिच्या वाटंवर कुदळ न्हाई घालायची."

"नदी तेराव्यापर्यंत थांबंल का?"

"न्हाई थांबली तर न्हाई थांबली," काकू म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

ओट्यावर भावकीतले पुरुष बसले होते. त्यांच्यासमोर मी सगळं पुन्हा मांडलं. "बराबर हाय ताई तुमचं, बिलकुल बराबर," सगळे म्हणाले आणि एकही जागचा उठला न्हाई. आमच्या भागात इतक्या वेळा बराबर म्हटलं की समजायचं, काम होणार न्हाई. जेसीबीवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "दुसरं काही बी सांगा." मी हात टेकले.

तेराव्याच्या आत वरच्या धरणाचे दरवाजे उघडले. निरोप वेळेत पोचला, माणसं सगळी शाळेत आणली, जीव कोणाचा गेला न्हाई. पण ओढा उलटा फिरला आणि वस्ती बुडाली. काकूंचं घर बसलं. दावणीची म्हैस सोडायची राहून गेली, ती तिथंच मेली. मी बांधावर उभी होते. एका बाजूला काठोकाठ गढूळ पाणी, दुसऱ्या बाजूला रिकामी मळई. तिथं आम्ही लावलेलं गवत वाऱ्यावर डुलत होतं. त्या कोरड्या रानाकडं बघून मला हुंदका आवरेना. अगं, इथं ये ना, इथं तुझी जागा आहे, असं मी नदीला मोठ्यानं म्हणाले. लोकांना वाटलं, बाई भ्रमिष्ट झाली.

दिवाळीनंतर काकूंचा फोन आला. नव्या घराची पायाभरणी होती. मला फार बरं वाटलं. साडी घेतली, निघाले. वस्तीत कोणी दिसेना. एका बाईनं हात करून दाखवलं, "तिकडं, मळईत."

मी धावतच मळई गाठली. काकू पायाच्या खड्ड्याजवळ हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभ्या होत्या.

"काकू, इथं? अहो, ही पुराची जागा आहे!"

"समदं गाव बुडालं, इथं थेंब न्हाई आला. समद्यांनी डोळ्यानं पाह्यलं."

"बांध बुजवल्ता म्हणून न्हाई आला. उद्या बांध फुटला म्हंजे?"

"बांध कुठं फुटतो ताई?" काकू अगदी साधेपणानं म्हणाल्या. "तुम्हीच फोडल्ता."

काकूंनी नारळ माझ्यापुढं धरला. "तुमच्या हातानं फोडा. घर सोडा, गाव सोडा, पण पाण्यापासून वाचा, हे तुम्हीच तर शिकवलं आम्हाला."

मी न्हाई म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. गवंड्यानं नारळ फोडला. तरी काकूंनी खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्याच हातावर ठेवला. तो तोंडात घालून मी उभी होते, तेव्हा शेजारच्या रानात आणखी कोणीतरी दोरी ताणून घराच्या पायासाठी चुन्याची फक्की टाकत होतं.